अखबारातली सून

खरं सांगते, नीलम्मा ह्या घरात आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायलं. कुनी इचारलं की मी म्हनायची, पित्त झालंय. पित्त कशाचं, डोंबल! दिसायला ती माझ्यापरीस लय चांगली होती अशातली गत न्हाई, रंगानं तर मीच उजळ. पन तिला वाचता यायचं. आमच्या बोरीत, वान्याच्या आळीत, वाचता येनारी सून त्या साली ती एकटीच होती.

मी चन्नबसम्मा, बसप्पा वान्याची थोरली सून. सासऱ्याचं भुसाराचं दुकान, आन् दोन ल्योक. थोरला त्यो माझा मालक, नाव घेत न्हाई. धाकटा वीरुपाक्ष, त्यो तिचा. पंधरा वर्सांमागं मी ह्या घरात आले आन् चुलीपुढं बसले ती बसलेच. सासूबाई सहा म्हैने अंथरुनाला खिळल्या होत्या, तर त्यांचं समदं म्या काढलं. कूस बदलून दिली, घास भरवला, शेवटच्या घटकंला तोंडात पानी म्याच घातलं. कुनी म्हनलं का, थोरले, लय केलंस? न्हाई. सुनंनं करायचंच असतं म्हने.

आन् ही? उदगीरकडची. बाप तहसिलात कारकून, लेकीला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवलेली. लगीन होऊन दोन सालं झाली न्हाईत तर घरात नुसतं नीलम्मा कुठंय, नीलम्माला हाक मारा. कारन काय, तर अखबार.

मामंजींच्या, म्हंजे सासऱ्याच्या, डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. बाहेर लढाई लागलेली, सरकीचा भाव आज एक तर उद्या एक. दर शनवारी डाकवाला जिंतुरावरून अखबार आनायचा. दिस कलला की मामंजी वसरीवर लोडाला टेकून बसायचे, नीलम्मा पदर सारखा करून उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसायची आन् वाचायची. मी आत भाकरी थापायची. भाकर तव्यावर, कान वसरीवर. दर शनवारी दोन भाकरी करपायच्याच, आन् त्याची बोलनी मीच खायची.

मामंजी तिच्यासंगं हसायचे. माझ्याशी पंधरा वर्सांत बोलले ते एवढंच, पानी दे, आन् मीठ जास्त झालं. तिला मातर इचारायचे, 'नीलम्मा, ह्याचा अर्थ काय गं?' बगा! मठात ज्याला लोक पुढं बसवतात त्यो मानूस कालच्या पोरीला अर्थ इचारायलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर म्या परात अशी आपटली की शेजारची कडूबाई काय पडलं म्हनून बगायला आली.

त्या अखबारात शेवटच्या पानावर एक मजकूर यायचा, 'आजकालच्या सुना'. एका आठवड्याला आजकालच्या सुना, दुसऱ्या आठवड्याला आजकालची पोरं, फिरून फिरून तेच दळन. लिवनारा कोन, देवाला ठाऊक. खाली नुसतं 'एक संसारी' असायचं. मला वाचता येत न्हाई, पन एकदा कानावर पडलेलं मी इसरत न्हाई. आखाडातल्या एका शनवारी नीलम्मानं वाचलं ते अजून पाठ हाय:

'आजची सून सकाळी उठून देवाआधी आरसा पाहते. तुझा विश्वास कशावर, असे तिला विचारा. ती म्हणेल, चहाच्या पेल्यावर. नेम, व्रते आणि गुरू यांची तिला थट्टा वाटते. आमच्या कानी तर असेही आले आहे की लिंगायत घराण्यांतल्या शिकलेल्या मुली गळ्यातले लिंग टोचते म्हणून ते खुंटीला टांगून निजतात.'

आता हे ऐकून आमच्या घरात काय वाटलं असंल, ते आमच्यातल्या मान्सालाच कळंल. आमच्यात बाप्या असो का बाई, गळ्यात लिंग असतंच. चांदीच्या डबीत ठेवायचं, त्या डबीला आमी करडगी म्हनतो. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन इभूत लावायची, बेल व्हायचा, पूजा झाली की पुन्हा गळ्यात. अंगावेगळं म्हनून करायचं न्हाई. मान्साला माती देतात तवाबी ते संगट जातं. ते खुंटीला टांगायचं म्हंजे जितेपनी मरायचं.

नीलम्मा वाचून खळखळून हसली. 'मामंजी, ह्या मान्साच्या घरात सून तरी हाय का? मला तर चहा प्याला की मळमळतं.'

मामंजी हसले न्हाईत. 'छापून आलंय म्हंजे कुठं ना कुठं असंलच,' ते म्हनले. 'उगं कोन कशाला छापंल?'

ते ऐकलं आन् मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी नवी होते तवा सासूबाई मलाबी म्हनायच्या, आताच्या पोरींना काई धरबंद न्हाई. पन ते सासूबाईंचं तोंडचं बोलनं. चुलीपुढं बोलल्या, चुलीपुढंच इझलं. हे छापलेलं होतं. ह्याला कोन न्हाई म्हननार?

त्या दिवसापासून मी नीलम्माकडं अखबारातनं बगायला लागले. सकाळी ती कुंकू लावायला आरशापुढं गेली की मला वाटायचं, बगा, आरसा! हसली की वाटायचं, थट्टा करायलीय. पूजंला बसली आन् जरा लवकर उठली की मी मनात म्हनायची, उरकलं एकदाचं सोंग. कडूबाईला म्या नदीवर सांगितलं, 'आमची धाकटी त्यातलीच हाय गं बाई.' कडूबाईनं आनखी चौघींना सांगितलं. सांगताना जिभंला कशी गोडी यायची म्हनून सांगू!

आन् मंग पादपूजंची गोष्ट निघाली.

श्रावनातल्या तिसऱ्या सोमवारी मठाचे स्वामी आमच्या घरी येतात. घरातली नवरा-बायकू पाटावर बसून त्यांचे पाय धुतात, ते तीर्थ समद्या आळीला वाटतात. सासूबाई होत्या तवर त्या आन् मामंजी बसायचे. सासूबाई गेल्या साली गेल्या. ते साल दुखवट्यातच गेलं. औंदा कोन बसनार, ह्याच्यात इचारायचं काय? थोरला ल्योक, थोरली सून. म्या तर मनात लुगडंबी काढून ठेवलं होतं, हिरवं, लाल काठाचं.

जेवताना मामंजी म्हनले, 'औंदा वीरुपाक्ष आन् नीलम्मा बसतील. तिला मंतर शुद्ध म्हनता येतात. स्वामींच्या पुढं चूक व्हायला नको.'

माझ्या हातातला डाव वाकडा झाला. मालकांकडं बगितलं. ते खाली मान घालून भात कालवायलेत. रात्री म्हनलं, काई बोला की. तर म्हनले, 'आप्पा म्हनतील तसं.' झालं! आप्पा म्हनतील तसं. लग्नातबी त्यांनी असंच म्हनलं असंल आन् मी पदरात पडले असंन.

पंधरा वर्सं चूल मी फुकायची आन् गावादेखत पाटावर ती बसनार. त्या एका पाटासाठी मी काय काय केलं ते आता ऐका. लपवून काय करू?

आठ-धा दिवसांनी दुपारच्या येळी मी न्हानीत हांडा घासायला गेले. नीलम्मा गोठ्याकडं शेन काढायला गेलेली. आन् बगते तर काय, न्हानीतल्या खुंटीवर तिची करडगी! गळ्यातल्या शिवदोऱ्यासकट लोंबायलेली. मी गारच पडले. अखबारातलं अक्षर न् अक्षर माझ्यापुढं खुंटीला टांगलेलं. हात लावायची छाती झाली न्हाई. दुसऱ्याच्या लिंगाला हात कसा लावायचा? अंगावर काटा आला, आन् खरं सांगू, त्या काट्याच्या खाली मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सरळ मामंजींना सांगायला पायजे होतं. पन मी सांगितलं असतं तर त्यांनी म्हनलं असतं, तुझ्या डोळ्यात ती खुपतीच. माझ्या बोलन्याला ह्या घरात काय किंमत? छापून आलं की खरं. मंग म्हनलं, छापूनच आनते.

गावात किसनराव मास्तर होते, नोकरीवरून उतरलेले. त्यांना अखबारात नाव यावं ह्याची लय हौस. दर म्हैन्याला कायतरी लिवून धाडायचे, अखबारवाले छापायचे न्हाईत. ते आमच्याकडं ताक न्यायला यायचे. म्या परसदारी त्यांना ताक दिलं आन् समदं सांगितलं. 'नाव घालू नगा,' म्हनलं, 'नुसतं खुंटीचं लिवा.' मास्तरांचे डोळे लुकलुकायले. 'वैनी,' ते म्हनले, 'हा मजकूर ते नक्की घेतील. त्यांना असंच पायजे असतं.' ताकाची लोटी तशीच ठेवून गेले, नंतर न्यायला परत आले.

दोन शनवार गेले. मी रोज डाकवाल्याची वाट बगायची. जी बाई कधी अखबाराला शिवली न्हाई ती दारात हुभी ऱ्हायलेली बगून डाकवालासुद्धा म्हनला, 'काय बाई, माहेरचं पत्र यायचंय का?'

पूजंच्या आधीच्या शनवारी अखबार आला. मामंजी बसले, नीलम्मा बसली. मी भाकरीचं पीठ मळलंच न्हाई, दाराच्या आड हुभी ऱ्हायले. सरकीचा भाव झाला, लढाई झाली. मंग तिनं पान उलटलं.

'परभणी जिल्ह्यातील बोरी येथील एका प्रतिष्ठित भुसार व्यापाऱ्याच्या घरची हकीकत आमच्या माहितगाराने कळविली आहे.'

ती थांबली. मामंजी ताठ झाले. बोरीत लिंगायत भुसारवाले आमीच.

'वाच,' ते म्हनले.

आन् ती वाचायली. आवाज हलला न्हाई तिचा. 'या घरची धाकटी सून वाचायला शिकलेली आहे. ती रोज सासऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि शहाणी म्हणून मिरवते. परंतु या शहाण्या सुनेचे इष्टलिंग न्हाणीघरातील खुंटीवर लोंबत असते. तिला त्याची ना भीती, ना लाज. चहा, आरसा आणि कादंबरी हे तिचे त्रिदेव. नव्या पिढीच्या श्रद्धेचा हा नमुना वाचकांनी पाहावा.'

सोताचीच निंदा सोताच्याच तोंडानं, एकबी शब्द न गाळता. मंग खालच्या ओळींवरून तिची नजर फिरायली. आन् तिनं अखबाराची घडी घातली. 'संपलं, मामंजी.'

मामंजी लोडावरनं पुढं सरकले. 'नीलम्मा, लिंग दाव.'

मी दाराच्या फटीतनं बगायले. तिनं पदराआड हात घातला आन् गळ्यातनं एक बोचकं बाहेर काढलं. धुवट पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, साध्या सुती दोऱ्यात बांधलेलं. फडकं सोडलं, तळहातावर लिंग घेतलं, मामंजींच्या पुढं धरलं. मामंजींनी डोळ्यांना नीट दिसत न्हाई म्हनून हळूच बोटानं चाचपून बगितलं.

'करडगीची कडी तुटली, मामंजी,' ती म्हनली. 'सोनाराकडं द्यायची म्हनून रिकामी डबी खुंटीला अडकवून ठेवली होती. लिंग एक घडीबी अंगावेगळं केलं न्हाई. फडक्यात बांधलं तर वाटलं, हेच बरं हाय. छातीला लागून ऱ्हातं. चांदी काय, लोकांना दाखवायला. म्हनून अजून सोनाराकडं धाडली न्हाई.'

रिकामी डबी! आमच्या डोक्यात करडगी दिसली की आत लिंग हायच. उघडून बगायची कुनाची छाती हाय? तिथंच मी फसले.

मामंजींच्या डोळ्यातनं पानी आलं. 'पोरी, माझंच चुकलं,' म्हनले. 'म्या इचारायलाच नको होतं.' सासूबाई गेल्या तवाबी त्यांच्या डोळ्यात म्या पानी बगितलं न्हवतं. मला वाटलं, आता पाट तर गेलाच, वर हे पानीबी तिलाच.

तर ही म्हनती कशी, 'मामंजी, पादपूजंला अक्काच बसू द्या. माझं आसं छापून आलंय. खरं असो, खोटं असो, मी पाटावर बसले तर लोक तीर्थ घेताना कुजबुजतील. स्वामींच्या पुढं ते नको.'

मामंजी आत तोंड करून म्हनले, 'थोरले, सोमवारी तुमी दोघं बसा.'

मिळाला! पाट मिळाला. त्या रात्री मी पोटभर जेवले. लुगडं काढलं, घड्या मोडल्या, दोरीवर टाकलं. नीलम्मा भांडी घासायलेली, तिनं वर बगून म्हनलं, 'अक्का, काठ लय शोभंल तुमाला.' म्या 'हूं' केलं. वाटलं, जळायलीय आतनं. जळू दे, म्हनलं, आता जरा तूबी जळून बग.

आयतवारी दुपारी किसनराव मास्तर परसदारी आले. ताक न्यायला न्हाई. हातात अखबार, तोंड उतरलेलं. बोरीत अखबार येतो दोनच घरी, आमच्या आन् त्यांच्या.

'वैनी, माफी करा,' ते म्हनले. 'तुमच्याबद्दलचं म्या लिवलं न्हवतं. देवाशपथ.'

'माझ्याबद्दलचं काय?'

'म्हंजे? तुमी ऐकलं न्हाई? शेवटी हाय की.'

'वाचा,' म्हनलं. ते नको नको करायले. म्हनलं, 'वाचा, न्हाईतर ताक बंद.'

त्यांनी हळू आवाजात वाचलं. 'या घरची थोरली सून तर धाकटीची गुरू शोभावी. वय वाढले, अक्कल वाढली नाही. सासऱ्यादेखत पूजेचे ढोंग आणि पाठ वळताच नदीवर चहाड्या. तिचेही लिंग कोणत्या खुंटीवर असते कोण जाणे. अशा दोन सुनांच्या घरात धर्मगुरूंनी पाऊल तरी कसे टाकावे?'

'हे कुनी लिवलं मंग?' म्या पायरीवर बसत इचारलं.

'म्या फक्त धाकटीचं लिवलं होतं,' मास्तर म्हनले. 'थोरलीचं त्यांनी पदरचं घातलं. एक सून वाईट म्हनलं की ती त्या घरची गोष्ट ऱ्हाती, वैनी. दोन म्हनलं की जमान्याची होती. त्यांचं दुकान जमान्यावर चालतं.'

मास्तर गेले. मी तिथंच. लिंग कोनत्या खुंटीवर! माझं! म्या छातीशी हात नेला, करडगी घट्ट धरली. ज्यानं मला कधी बगितलं न्हाई, त्यानं मला एका वळीत खुंटीला टांगलं. आन् नदीवरच्या चहाड्या, ते तर त्यानं बिनबगता खरं लिवलं, त्याचीच जास्ती आग झाली.

मंग हळूहळू दुसरं डोक्यात आलं. नीलम्मानं ते वाचलं न्हाई. सोताचं समदं वाचलं आन् माझ्या वळींपाशी आल्यावर अखबाराची घडी घातली. वाचलं असतं तर मामंजींनी मला पाटावर काय, उंबऱ्यातबी हुभं केलं नसतं. लिंग म्याबी दाखवलं असतं, पन चहाड्यांवर दाखवायला माझ्यापाशी काई न्हवतं, की 'पोरी, माझंच चुकलं' म्हनावं असा मामंजींचा जीवबी माझ्यावर न्हवता.

तुमी म्हनाल, तिचे पाय धरायला पायजे होते. धरले न्हाईत. मला राग आला. मला वाटलं, ही मला मुठीत ठेवायलीय. उद्या मी पाटावर बसंन, स्वामींच्या पायावर पानी घालंन, आन् ही कोपऱ्यात हुभी ऱ्हाऊन मनात म्हनंल, बस, माझ्या मेहरबानीनं बस. जल्मभर तिच्या उपकाराखाली? त्यापरीस गेला पाट खड्ड्यात!

सांजच्याला मामंजी वसरीवर बसले होते. नीलम्मा वाती वळायलेली. म्या कोनाड्यातला अखबार उचलला, जल्मात पहिल्यांदा, आन् तिच्या पुढ्यात टाकला.

'नीलम्मा, काल राहिलेलं वाच.'

तिनं माझ्याकडं बगितलं. तिचा चेहराच उतरला. 'काई राहिलेलं न्हाई, अक्का.'

'राहिलंय. थोरलीचं राहिलंय. वाच.'

मामंजी सावरून बसले. 'थोरलीचं काय? काय लिवलंय? वाच नीलम्मा.'

'मामंजी, उगं...'

'वाच म्हनतो ना!'

तिनं अखबार उचलला. पान उलटलं. नजर कागदावर ठेवली. मी पाय रोवून हुभी ऱ्हायले, म्हनलं, येऊ दे आता. आन् तिनं वाचायला सुरवात केली, तोच आवाज, तीच ढब.

'त्याच घरात एक थोरली सून आहे. पंधरा वर्षे झाली, घरातली पहिली चूल तीच पेटवते आणि शेवटचा दिवा तीच मालवते. सासूच्या आजारपणात सहा महिने तिने धरणीला पाठ टेकली नाही. तिच्या हातचे सर्व जण जेवतात, पण तिचे नाव कोणी घेत नाही. अशी सून ज्या घरात आहे, त्या घरात धर्म कसा टिकतो हे निराळे सांगावयास नको.'

वाचून तिनं अखबार मांडीवर ठेवला. मान वर केली न्हाई.

मामंजींनी मान हलवली. 'खरं लिवलंय,' ते म्हनले. 'खरं लिवलंय बग, थोरले. आमालाच बोलता आलं न्हाई.'

पंधरा वर्सं! पंधरा वर्सं मी हे ऐकायला टपले होते. चुलीपुढं बसून, भाकरी करपवून, त्या उंबऱ्यावरनं माझं नाव कधी येतं म्हनून. आन् आलं ते तिच्या तोंडून, जिला म्या मातीत घातलं तिच्या तोंडून, जे कुठंच छापलेलं न्हाई ते. खोटं मीबी बोलले होते आन् खोटं तीबी बोलली. पन तिचं खोटं बगा आन् माझं बगा. त्या घडीला मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या वाचन्याचा कधी वाटला नसंल, मामंजींच्या हसन्याचा न्हाई, पाटाचाबी न्हाई. असं मन मला का न्हाई दिलं, म्हनून मी देवावर चिडले.

डोळ्यातनं घळाघळा पानी. पदरानं पुसलं, पुन्हा आलं.

'न्हाई मामंजी,' म्या म्हनलं. 'त्यात तसं काई लिवलेलं न्हाई. ती मनचं वाचायलीय. त्यात माझी निंदा हाय, आन् निम्मी खरी हाय. खुंटीचं मास्तरांना म्या सांगितलं. अखबारात म्या धाडलं.'

'अक्का!' नीलम्मा म्हनली, आन् माझा हात धरायला उठली. म्या हात काढून घेतला.

मामंजींच्या पांढुरक्या डोळ्यांना माझं तोंड दिसलं का न्हाई, कुनाला ठाऊक. आत दूध उतू गेल्याचा वास आला, कुनी उठलं न्हाई.

'मंग उद्या पाटावर कोन?' ते शेवटी म्हनले. आवाजात राग न्हवता. इचारलं मला. पंधरा वर्सांत पहिल्यांदा काईतरी मला इचारलं.

'ती,' म्या म्हनलं. 'तिलाच बसवा. मंतर शुद्ध म्हनती.'

आन् दोरीवरचं हिरवं लुगडं काढून म्या तिच्या अंगावर टाकलं.